नऊ नंबरची कवळी

५ ऑगस्ट

ती. आईस,
सा. न.

पत्र मिळालं. कामाच्या जागी आमचे फोन कपाटात कुलूपबंद असतात आणि संध्याकाळी फोन केला तर छोटी तुझ्या मांडीला मांडी लावून बसलेली असते, तेव्हा मोकळं बोलायला हे पत्रच बरं.

तर माझं दातांचं संपलं एकदाचं. त्याला अलाइनर म्हणतात, पण तू पहिल्यापासून कवळी म्हणत आलीस आणि आता माझ्याही तोंडात तोच शब्द बसलाय. चोवीस कवळ्या, दहा-दहा दिवसांची एक. जेवताना आणि दात घासताना काढायची, बाकी बावीस तास तोंडात. ती घातलेली असताना पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. चहासुद्धा नाही. मी चहा सोडला असं तुला कळवलं तेव्हा तू देवापुढे साखर ठेवलीस, पण खरं कारण हे होतं.

छोटीने विचारलंय म्हणून लिहिते. नवी कवळी घातली की पहिले दोन-तीन दिवस दात ठणकतात. भाजीतली फोडही चावत नाही. कडा जिभेला लागतात. आणि बोलणं बोबडं होतं. पहिल्या आठवड्यात मी सुपरवायझरला 'साहेब' म्हणायला गेले तर ते म्हणाले, "बाई, आधी तोंडातलं गिळा, मग बोला." अख्खं खातं हसलं. चष्म्याच्या काचा घासणाऱ्या आम्हा बायकांना तेवढंच निमित्त हवं असतं. पण आठ दिवसांत जीभ सरावते. आता फक्त रात्रीपुरती एक कवळी घालायची आहे, आणि ती जन्मभर, नाहीतर दात पुन्हा आपल्या जागी पळतात.

जुन्या चोवीस कवळ्या डब्यात पडून आहेत. येत्या रविवारी खोली आवरताना टाकून देईन.

तुझी,
थोरली


१४ ऑगस्ट

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

त्या कवळ्या टाकू नकोस. चांगली वस्तू टाकायची सवय तुला कुठून लागली देव जाणे. सगळ्या धुऊन, कोरड्या करून, नंबर लावून मला पाठव.

आता छोटीचं ऐक. लहान मुलांना शिकवायचं तिचं प्रशिक्षण आता शेवटच्या वर्षात आहे. जानेवारीत खऱ्या वर्गात खऱ्या मुलांसमोर पाठ घ्यायचा असतो, मागे दोन परीक्षक बसतात. त्यात पास झाली तर नोकरी, नाही तर तीन वर्षं गेली. तिचा तो वरचा दात तुला ठाऊकच आहे, शेजारच्या दातावर चढून बसलेला. बोलताना ती हात तोंडावर नेते. गेल्या महिन्यात त्यांच्या मुख्य बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "हात खाली घ्या. मुलं शिक्षिकेचे ओठ बघून अक्षर शिकतात. तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटत असेल तर हे काम तुमचं नाही." त्या दिवशी घरी आली ती भिंतीकडे तोंड करून झोपली. जेवली नाही. तुझे बाबा म्हणाले, "दात जेवायला असतात, दाखवायला नाही." मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा.

रोज दिवा लावताना एवढंच मागते की हिचा जानेवारी नीट जाऊ दे.

आई


२६ ऑगस्ट

ती. आईस,
सा. न.

सोबत डबा पाठवलाय. डॉक्टरांना दाखवायला मागितलास हे उघड आहे. चांगली कल्पना आहे, त्यांना माझे दात कुठून कुठे आले ते कळेल आणि छोटीला किती वेळ लागेल याचा अंदाज सांगतील. कवळ्यांवर जे बारीक खड्डे दिसतील ते बटणांसाठी. दातांच्याच रंगाची बटणं डॉक्टर दातांवर चिकटवतात, कवळी त्यांना धरून दात ओढते.

माझी शिल्लक यातच संपली, तरी छोटीचं ठरलं तर जमेल तसं पाठवीन. जानेवारीपर्यंत दात पूर्ण सरळ होणार नाही हे मात्र तिला आधीच सांग.

थोरली


२१ सप्टेंबर

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांकडे गेलेच नाही. रागावू नकोस, आधी पूर्ण वाच.

तुम्हा दोघींची बोटं सारखी, कानाच्या पाळ्या सारख्या. तुझे फ्रॉक तिला एक टाका न बदलता आले. वह्यांची उरलेली पानं शिवून तिची वही झाली, तुझ्या चपलांवर ती चालायला शिकली. मग मनात आलं, तोंड तरी वेगळं कशाला असेल? एकाच साच्यातल्या तुम्ही. डबा आला त्या दिवशी तिला खिडकीजवळ बसवलं. एक नंबरची कवळी बसेना. दोन, तीन, चार, सगळ्या उभ्याच राहत होत्या. आठपर्यंत तिचे डोळे भरून आले. नऊ नंबरची मात्र टक् करून बसली! एका बाजूला जरा उचलली जात होती, ती गरम पाण्यात धरली आणि दाबली, बसली. आम्ही दोघी हसलो. छोटी हसली, तोंड उघडून. किती दिवसांनी.

चार तारखेला सुरू केलं. दहा दिवस नऊ नंबर, आता दहा नंबर, आज आठवा दिवस. तू लिहिलंस तसंच सगळं होतंय. ठणकतं, बोबडं बोलते, जिभेला कड लागत होती ती मी नेलकटरच्या कानशीने घासून दिली. पुढच्या दातांवर शिवणाचा दोरा ताणून धरून मी बघते, चढलेला दात नक्की मागे आलाय. ती घरात गाणं गुणगुणायला लागलीय.

बाबांना सांगितलेलं नाही. तूही बोलू नकोस.

आई


२९ सप्टेंबर

आई,

परवा पत्र मिळालं तसा लगेच फोन केला तर "छोटी इथेच आहे, नंतर बोलू" म्हणून तू ठेवून दिलास. दुसऱ्यांदा उचललाच नाहीस. म्हणून लिहिते, आणि तू हे उभ्या उभ्या वाच.

आजच्या आज ती कवळी काढ.

फ्रॉक सैल झाला तर टाका घालता येतो, आई. या कवळ्या माझ्या तोंडाचा फोटो घेऊन केलेल्या होत्या. पहिल्या दिवशी एक्स-रे काढून प्रत्येक दाताचं मूळ किती लांब, हाड किती, हिरड्या कशा, ते बघितलं होतं. माझ्या दोन दातांमधली जागा पट्टीने घासून मोकळी केली होती. प्रत्येक कवळी माझाच एक ठरावीक दात केसभर हलवते. माझा जो दात पुढे आणायचा होता तो छोटीचा मागे न्यायचा असेल! तिच्या दातांवर बटणं नाहीत, म्हणजे ती कवळी काय धरून काय ओढतेय ते देवालाही माहीत नसेल. आणि गरम पाण्यात धरायची नसतेच, प्लास्टिकचा आकार जातो.

तू माझं नेहमी ऐकून घेतेस आणि मग आपलंच करतेस. या वेळी तसं करू नकोस. हवं तर माझी शपथ आहे तुला.

थोरली


९ ऑक्टोबर

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

एवढं रागावून लिहायची गरज नव्हती. कवळी काढली. सगळ्या डब्यात भरून माळ्यावर ठेवल्या. छोटी दोन दिवस रुसली होती, आता ठीक आहे. पाठाची तयारी करते. पुठ्ठ्याची अक्षरं कापतो आम्ही दोघी.

एक सहज विचारायचं होतं. शेजारणीच्या मुलीचं असंच कवळ्यांचं चालू आहे. ती परवा विचारत होती की एक दात बोटाने धरला तर हलतो, हे बरोबर असतं का? वरची हिरडी जरा लाल असते. आणि नवी कवळी पूर्ण खाली बसत नाही, फट राहते. तुझंही असं व्हायचं का? तिला सांगायचं आहे म्हणून विचारलं.

इथे सगळे बरे. बाबांचा खोकला कमी आहे.

आई


१८ ऑक्टोबर

ती. आईस,
सा. न.

माझं ऐकलंस, बरं वाटलं. त्या दिवशी तोंडाला येईल ते लिहिलं, मनावर घेऊ नकोस.

शेजारणीच्या मुलीला सांग, दात थोडा हलणारच. हलल्याशिवाय सरकेल कसा? माझेही हलायचे. हिरडी लाल झाली तर मिठाच्या कोमट पाण्याने चुळा भरायच्या. कवळी पूर्ण बसत नसेल तर मला डॉक्टरांनी रबराचा नळीसारखा एक लहान तुकडा दिला होता, तो दाताखाली धरून दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं चावायचा, मग फट मिटते. आणि दर दोन महिन्यांनी तिचे डॉक्टर बघतच असतील, त्यांना सांग म्हणावं.

इकडे कामाचा रेटा आहे. दोन बायका सोडून गेल्या, त्यांच्याही काचा माझ्याच टेबलावर. दिवसभर यंत्रासमोर उभं राहून पाय सुजतात. सुट्टी मिळेल असं वाटत नाही.

थोरली


२ डिसेंबर

चि. थोरलीस,
आशीर्वाद.

तुला फोनवर रडून सांगितलं तेवढ्यात काय कळलं असेल. नीट लिहिते. तुला नीट कळायला हवं.

मी कवळ्या माळ्यावर ठेवल्या नव्हत्या. तुझं पत्र आलं तेव्हा अकरा नंबर चालू होती. छोटीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई, आरशात बघ ना, सरळ होतोय. एक महिना राहू दे." मीही बघितलं. दोरा लावून बघितलं. खरंच सरळ होत होता. मग मी तुला खोटं लिहिलं. शेजारणीची मुलगी म्हणजे छोटीच.

तुझं उत्तर आलं त्या दिवशी मी नवी रबरी नळी आणली, पाण्यात उकळली, बोटभर तुकडा कापला आणि तिला चावायला दिला. दिवसातून दोनदा, दहा मिनिटं, घड्याळ लावून. फट मिटली. मी देवापुढे हात जोडले.

नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून त्या दाताची हिरडी सुजली. तोंडाला वास येऊ लागला. ती म्हणायची दुखत नाही. चुळा भरत होती. दात पार सरळ दिसत होता, आणि इतर दातांपेक्षा जरा लांब दिसत होता. मला वाटलं, चढलेला होता तो मोकळा झाला म्हणून पूर्ण दिसायला लागला असेल.

सव्वीस तारखेला दुपारी जेवायला बसली. सतरा नंबर होती. कवळी काढताना नेहमी नख घालून मागून उचलते, तशी उचलली. कवळी हातात आली आणि दात कवळीतच राहिला. मुळासकट. रक्तही फार आलं नाही. ती कवळीकडे बघत बसली. ताटात मी मऊ भात वाढला होता, त्यात एक थेंब पडला. मला म्हणाली, "आई, आता?"

दात कवळीसकट स्वच्छ फडक्यात गुंडाळून डॉक्टरांकडे धावले. तरुण डॉक्टर आहेत. त्यांनी विचारलं, "उपचार कोणत्या डॉक्टरांचे चालू आहेत?" मी म्हटलं, "माझेच." त्यांना वाटलं मीच दातांची डॉक्टर. "कुठे शिकलात?" म्हणाले. मी म्हटलं, मॅट्रिक झाले आहे. मग त्यांनी कवळी उजेडाकडे धरली आणि बराच वेळ फिरवून बघत राहिले.

एक्स-रे काढला. विचारलं, लहानपणी पडली होती का? मी सांगितलं, हो, सहा-सात वर्षांची असताना उंबरठ्यावर. पुढचा नवा दात तेव्हा नुकताच आला होता, चार दिवस हलत होता, मग घट्ट झाला. म्हणाले, "त्या माराने त्या दाताचं मूळ तेव्हाच आखूड राहिलं होतं. तो दात होता तसा राहिला असता तर तिला आयुष्यभर पुरला असता. एक फोटो काढला असता तर पहिल्या दिवशीच कळलं असतं, याला हात लावायचा नाही." आत पू झाला आहे, दात परत बसणार नाही. शेजारचाही हलतोय, तो तारेने बांधलाय. जखम भरेपर्यंत तीन-चार महिने तिथे काहीही बसवायचं नाही, खोटा दातसुद्धा नाही.

जानेवारीचा पाठ सहा आठवड्यांवर आला आहे.

बाबांना सांगितलं. ते ताटावरून उठले आणि कामावर गेले. अजून माझ्याशी बोललेले नाहीत. छोटी बोलते, पण कामापुरतं. "मीठ दे", "दार लाव" एवढंच.

तू सांगितलं होतंस. उभ्या उभ्या वाच म्हणाली होतीस. मी बसून, चहा घेत वाचलं होतं.

आई


९ डिसेंबर

आई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुला काय बोलू? तुला बोलायचा हक्क मी घालवून बसले आहे.

शेजारच्या काकूंना दोन मुलगे आहेत. थोरला माझ्याच वर्गात होता, धाकट्याचं लग्न झालं तेव्हा आपण जेवायला गेलो होतो. त्यांच्या पलीकडे गोदाम आहे. मुलगी कुठून येणार? तुझं ऑक्टोबरचं पत्र वाचताना त्याच ओळीवर मला कळलं होतं. बसच्या थांब्यावर उभी होते, पत्र घडी करून पिशवीत टाकलं.

विचारलं असतं तर तू कबूल केलं असतंस. कबूल केलं असतंस तर मला रजा काढून यावं लागलं असतं, भांडावं लागलं असतं, छोटीला डॉक्टरकडे न्यावं लागलं असतं. दोन बायका सोडून गेल्या होत्या, रजा मागितली असती तर माझीही नोकरी गेली असती असं मी मनाला सांगितलं. आणि खरं सांगू? मला वाटलं, होत असेल नीट तर होऊ दे. माझ्या कवळ्यांनी होतंय, माझ्यावर पुढच्या खर्चाचा भार नको. म्हणून मी शेजारणीच्या मुलीला उत्तर लिहिलं. रबर चावायला मीच सांगितलं. "डॉक्टर बघतच असतील" हेही मीच लिहिलं, बघणारा कुणी नाही हे माहीत असून.

हे मी छोटीला वेगळ्या पत्रात लिहिलंय. तिचं उत्तर आलेलं नाही.

रजा मिळाली की येते. कदाचित जानेवारीनंतर.

थोरली


२० जानेवारी

चि. थोरलीस,
आशीर्वाद.

आधी चांगली बातमी. छोटी पास झाली. परीक्षकांनी जागच्या जागी सांगितलं.

मी येऊ नये असं तिने बजावलं होतं. पण पाण्याची बाटली घरी विसरली म्हणून नेऊन द्यायला गेले. खरं म्हणजे बाटली निमित्त, मला राहवलं नसतं. व्हरांड्यात खिडकीच्या कडेला उभी राहिले, तिला दिसणार नाही अशी. आत सहा-सात वर्षांची पंचवीस-तीस मुलं. मागे परीक्षक वह्या घेऊन. छोटी फळ्यासमोर उभी होती आणि तिचे दोन्ही हात खाली होते. एकदाही वर गेले नाहीत. इतकी सरळ उभी होती की मला तिची मान दुखेल असं वाटलं. घरात आता मी समोर आले की मात्र हात तोंडावर जातो. दुसऱ्या कुणासमोर नाही, बाबांसमोरही नाही.

पुठ्ठ्याची अक्षरं एकेक करून दाखवत होती. जिथे दात नाही तिथून हवा सुटते, त्यामुळे 'स' नीट निघत नव्हता. मुलं तिच्यामागोमाग तसाच 'स' म्हणत होती. एक परीक्षक हसला आणि लगेच खाली बघून लिहायला लागला.

मग पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचे समोरचे दोन दात पडलेले. त्या वयाच्या सगळ्यांचेच पडलेले असतात. तिने छोटीच्या तोंडाकडे बोट दाखवलं आणि मोठ्याने विचारलं, "बाई, माझा नवा येतोय, हे बघा. तुमचा कधी येणार?"

मी बाटली घट्ट धरून उभी होते. मला वाटलं ती रडेल, किंवा रागावेल, किंवा काहीतरी गोड खोटं सांगेल. मी तिच्या जागी असते तर खोटंच सांगितलं असतं.

छोटी त्या मुलीजवळ गेली. वाकली आणि तिच्या हिरडीतून डोकावणारी पांढरी कड नीट बघितली. मग सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाली, "दात दोनदाच येतात. तुझा हा दुसरा आहे, याला जप. माझा दोन्ही वेळा येऊन गेला."

"मग आता?" मुलीने विचारलं.

"आता पुढचं अक्षर," छोटी म्हणाली आणि फळ्याकडे वळली.

बाटली मी शिपायाकडे दिली आणि चालत घरी आले.

आई